लेकराची पहिली विज्ञान प्रदर्शनी: पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा लागली की पालकांचे फोन आणि मेसेज सुरू होतात. प्रश्न दरवर्षी बहुतेक तेच असतात, म्हणून ते एका ठिकाणी लिहून काढले. हे सगळं पहिली ते पाचवीच्या, पहिल्यांदाच प्रदर्शनीत उभं राहणाऱ्या लेकरांसाठी आहे. प्रश्न पालकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

१. प्रदर्शनी म्हणजे नेमकं काय असते? आमचा मुलगा तिसरीत आहे, त्याला काय करावं लागेल?

वर्गात किंवा वऱ्हांड्यात टेबलं मांडतात. प्रत्येक लेकरू आपण केलेलं काहीतरी घेऊन उभं राहतं आणि येईल त्याला समजावून सांगतं. बघायला दुसऱ्या वर्गांतली पोरं येतात, गुरुजी, केंद्रप्रमुख, सरपंच आणि गावातली माणसंही येतात. बऱ्याच शाळा डिसेंबर-जानेवारीत प्रदर्शनी घेतात. काही शाळा २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी ठेवतात. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा आपला शोध जाहीर केला होता, आणि १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो.

तिसरीतल्या पोराने शोध लावावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याला एक प्रश्न पडावा, त्याने त्यासाठी हाताने काहीतरी करून बघावं आणि जे दिसलं ते न घाबरता सांगावं. एवढं जमलं की पहिली प्रदर्शनी चांगली झाली.

२. विषय कुठून शोधायचा? आम्हाला काही सुचतच नाही.

विषय घरात आणि वावरात पडलेला असतो. आठवडाभर लेकराच्या मागे राहा आणि ते जे जे विचारतं ते एका कागदावर लिहून ठेवा. माठातलं पाणी थंड का होतं? काळ्या मातीला भेगा पडतात, मग मुरमाला का नाही पडत? पोत्यातलं सोयाबीन पेरलं तर सगळंच उगवेल का? पळसाची पानं झडल्यावर फुलं का येतात?

मग त्यातला असा प्रश्न निवडा की ज्याचं उत्तर मोजून किंवा डोळ्याने बघून मिळेल. “पळसाला फुलं का येतात” हा सुंदर प्रश्न आहे, पण दुसरी-तिसरीतल्या लेकराला तो टेबलावर करून दाखवता येणार नाही. “कोणत्या मातीतून पाणी लवकर खाली जातं” हे मात्र दाखवता येतं. प्लास्टिकच्या दोन बाटल्या मधोमध कापा, तोंडाला कापूस लावून उलट्या धरा, एकीत काळी माती आणि दुसरीत वाळू भरा. वरून सारखंच पाणी टाका आणि दहा मिनिटांत खाली किती जमलं ते मोजा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. काळी माती पूर्ण वाळून भेगाळलेली असेल तर पहिलं पाणी भेगांतून भसाभस खाली जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचून राहतं. लेकराने पहिल्यांदाच पाणी टाकून निष्कर्ष लिहिला तर तो उलटाच येईल. म्हणून पाणी दोन-तीनदा टाकायला लावा आणि प्रत्येक वेळची नोंद वेगळी ठेवा.

३. मॉडेल करावं की प्रयोग?

लहान लेकरासाठी माझं मत स्पष्टपणे प्रयोगाच्या बाजूने आहे. पुठ्ठ्याची पवनचक्की किंवा रंगवलेली सूर्यमाला दिसायला छान असते, पण ती बहुतेक वेळा मोठ्यांच्या हातची असते. “तुला यातून काय कळलं?” असं कोणी विचारलं की लेकरू गप्प होतं. प्रयोगात त्याने स्वतः मोजलेलं असतं, त्यामुळे सांगायला आपोआप काहीतरी असतं. शाळेने मॉडेलच करायला सांगितलं असेल तर हलणारं-चालणारं मॉडेल करा, आणि त्यातली एक गोष्ट बदलून काय होतं ते लेकराकडून बघून घ्या.

४. एक पूर्ण उदाहरण सांगा ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

प्रश्न असा घेऊ: हाताने शेंगा फोडून काढलेलं सोयाबीन जास्त उगवतं की थ्रेशरवर काढलेलं?

सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते. थ्रेशरचा वेग जास्त असला, किंवा पोती आपटली गेली, तर सालीला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा जातात. वावरात किंवा कुटारात राहिलेल्या अख्ख्या शेंगा शोधा आणि लेकराला हाताने फोडू द्या. हे काम पोरांना आवडतं. हाताने काढलेले शंभर दाणे आणि पोत्यातले थ्रेशरचे शंभर दाणे मोजून वेगळे ठेवा. दोन्ही एकाच वावराचे आणि एकाच वाणाचे असावेत, नाहीतर फरक कशामुळे आला ते कळणार नाही. पोत्यातले दाणे निवडून घ्यायचे नाहीत, मुठीत येतील तसे घ्यायचे.

गोणपाटाचे दोन तुकडे पाण्यात भिजवून घट्ट पिळा. एका तुकड्यावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे. वरून दुसरा ओला तुकडा घाला, हलक्या हाताने गुंडाळी करा आणि सुतळीने सैल बांधा. दुसऱ्या शंभर दाण्यांची तशीच दुसरी गुंडाळी करा. दोन्हींवर खडूने किंवा चिठ्ठी बांधून खूण करा. सावलीत, शेजारी-शेजारी ठेवा आणि रोज सारखंच पाणी शिंपडा. ओलावा हवा, पाणी गळायला नको. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरात गुंडाळ्या घरात, चुलीपासून थोड्या अंतरावर ठेवलेल्या बऱ्या.

रोज संध्याकाळी उघडून बघायचं. पहिल्या दिवशी दाणे फुगतात आणि लांबट होतात. मग एका टोकाला पांढरं मूळ डोकावतं. चिरलेल्या दाण्यांची साल निघून येते, दोन दलं वेगळी होतात, बोटाला चिकट लागतं आणि आंबूस वास येतो. हा वासही लेकराच्या शब्दांत वहीत लिहून घ्या. सातव्या दिवशी चांगलं मूळ फुटलेले दाणे मोजा. शंभरपैकी जितके उगवले तितके टक्के. चौथीच्या पोराला टक्केवारी न शिकवताच समजते, म्हणूनच शंभर दाणे.

पेरणीआधी कृषी सहायक शेतकऱ्यांना हीच चाचणी करायला सांगतात. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, त्याहून कमी असेल तर एकरी बियाणं वाढवावं लागतं. टेबलाजवळ येणारा प्रत्येक शेतकरी या आकड्यावर थांबेल आणि लेकराशी बरोबरीने बोलेल. एक सूचना मोठ्यांसाठी: हिवाळ्यातल्या या आकड्यावर जूनची पेरणी ठरवू नका. साठवणुकीत उगवण कमी होत जाते, तेव्हा पेरणीच्या तोंडावर पुन्हा तपासा.

आणि दुकानातून आणलेलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं या प्रयोगात अजिबात वापरू नका. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

५. आमच्याकडे सोयाबीन नाही, धान आहे. आणि माझ्या बहिणीकडे वरुडला संत्रा आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या लेकरांसाठी धानाचा प्रयोग तयारच आहे. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात धानाचं बियाणं टाका. पोकळ, हलके दाणे तरंगतात आणि भरलेले तळाला जातात. हीच ३ टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया पेरणीआधी करतात. लेकराने पुढचं पाऊल टाकायचं: तरंगलेले आणि बुडालेले दोन्ही साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, प्रश्न ४ प्रमाणे वेगवेगळे उगवायला ठेवायचे. तरंगलेल्यांतलेही काही उगवतील. ते लपवू नका, उलट तेच सांगण्यासारखं आहे.

संत्रा पहिली-दुसरीसाठी उत्तम. सालीसकट संत्रा पाण्यावर तरंगतो आणि सोललेला बहुधा बुडतो, कारण सालीत आणि सालीखाली हवा असते. “बहुधा” मुद्दाम म्हटलं. आतून पोकळ किंवा सुकलेला संत्रा सोलूनही तरंगू शकतो. म्हणून एकाच संत्र्यावर थांबू नका, पाच-सहा घ्या आणि किती बुडाले ते मोजा.

६. किती दिवस आधी सुरुवात करावी?

तीन आठवडे. पहिला आठवडा प्रश्न ठरवायला, दुसरा प्रयोगाला, तिसरा तक्ता आणि बोलण्याच्या सरावाला. उगवणीचा प्रयोग असेल तर आणखी एक आठवडा हाताशी ठेवा, म्हणजे पहिल्यांदा बिघडलं तर पुन्हा करता येतो.

७. मी किती मदत करू? सगळेच आई-वडील करून देतात, मग माझं लेकरू मागं पडेल.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि त्यामागची काळजी मला कळते. पण लेकराच्या वाटणीचं काम तुम्ही केलंत तर त्याच्याकडे सांगायला काहीच उरत नाही. कापणं, विस्तवाजवळचं काम आणि उंचावरून काही काढणं तुमच्याकडे. मोजणं, लिहिणं, बघणं आणि रंगवणं लेकराकडे. अक्षर वेडंवाकडं आलं तरी ते पुसून पुन्हा लिहू नका. “सोयाबिन” असं ऱ्हस्व लिहिलं तर एकदा सांगा, त्याने सुधारलं तर ठीक.

मदत करायचीच असेल तर प्रश्न विचारून करा. “हे असं का झालं असेल?” “दुसऱ्या गुंडाळीत पाणी तेवढंच टाकलं का?” “उद्या काय दिसेल असं वाटतं?” उत्तर माहीत असलं तरी लगेच सांगू नका.

८. मॅडम, आम्ही दोघंबी शाळा शिकलो नाही. पोरीले मदत कशी करावी?

तुम्हाला येतं ते पुस्तकात नाही. कोणती जमीन पाणी धरते, कोणतं बियाणं पोचट आहे, आभाळ कोणत्या बाजूने भरून आलं की पाऊस येतो, हे तुम्ही वर्षानुवर्षं बघितलेलं आहे. पोरीला रोज संध्याकाळी विचारा, “आज काय दिसलं?” आणि ती सांगते ते पूर्ण ऐकून घ्या. तिला जिथे सांगता येत नाही तिथे तिलाही समजलेलं नाही, असं समजा आणि पुन्हा सोबत बघा. लिहिण्याचं काम वर्गशिक्षक बघतील. ज्या पोरीला घरी रोज सांगायची सवय झाली ती टेबलामागे अडखळत नाही.

९. खर्च किती करावा?

तक्त्यासाठी कार्डशीट, स्केचपेन आणि फेविकॉल, एवढंच विकत आणा. बाकी बाटल्या, गोणपाट, सुतळी, डबे घरचे. बाजारातलं तयार किट आणू नका. थर्माकोलही टाळा: २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि पुठ्ठा तेच काम करतो.

१०. प्रयोग फसला. हाताने काढलेलं सोयाबीनच कमी उगवलं. आता आकडे बदलायचे का?

नाही. आलेला आकडा जसाच्या तसा लिहा. उलट उत्तर येणं म्हणजे फसणं नव्हे. कारण शोधा: हाताने फोडलेल्या शेंगा हिरव्या, अपक्व होत्या का? त्यांना पाऊस लागला होता का? एक गुंडाळी जास्त ओली राहिली का? वेळ असेल तर एकच गोष्ट बदलून प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आकडे तक्त्यावर शेजारी-शेजारी लावा. परीक्षक म्हणून बसले तेव्हा मला असे दोन आकडे दाखवणारं लेकरू नेहमी जास्त भावलं, कारण त्याने दुसऱ्यांदा करून बघितलेलं असतं.

खरंच फसणं म्हणजे गुंडाळी उंदराने कुरतडली, बुरशीने सगळं सडलं. तेही लिहा आणि तारीख टाका.

११. यूट्यूबवरचा ज्वालामुखी केला तर चालते काय?

चालतो, पण फेस आला आणि टाळ्या वाजल्या एवढ्यावर थांबू नका. खायच्या सोड्यात लिंबाचा रस पडला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हे बाटलीत करा, तोंडाला फुगा लावा आणि सोडा एक चमचा, दोन चमचे, तीन चमचे असा वाढवत जा. प्रत्येक वेळी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजा. एका टप्प्यानंतर सोडा वाढवूनही फुगा वाढत नाही, कारण लिंबाचा रस संपलेला असतो. आता हा प्रयोग झाला.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आपल्या पश्चिम विदर्भाचा काळा दगड खरोखरच लाव्हाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि आपली काळी माती त्याच दगडापासून झाली. लोणारचं सरोवरही याच दगडात उल्का आदळून तयार झालं. पण हा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहत आला, टोकदार डोंगरातून नाही. लेकराने मातीचा सुळका करण्याऐवजी लांब भेग करून तिच्यातून फेस काढला तर तो आपल्या पायाखालचा ज्वालामुखी होईल.

१२. कोणत्या गोष्टी अजिबात वापरू नयेत?

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणि बाटल्या, कितीही धुतलेल्या असल्या तरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरू शकत नाही. औषध लावलेलं बियाणंही त्याच कारणाने नको: लेकरं हात तोंडात घालतात. घरातल्या सॉकेटची वीज नको, दिवा लावायचा असेल तर दीड व्होल्टचे सेल पुरतात. ॲसिड, फटाक्यांची दारू, फुटकी काच, उघडा विस्तव यांपैकी काहीही टेबलावर नको. कीड, बेडूक, पाखरू बाटलीत भरून आणू नका. बोंडअळी दाखवायची असेल तर किडलेलं बोंड कापून चित्र काढा, किंवा वावरातल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारा सापळा) रोज किती पतंग सापडले त्याचे आकडे मोठ्या माणसाकडून घेऊन लावा.

१३. आमच्या गावात लाईनचा भरोसा नाही. लाईट लागणारं करावं काय?

करू नका. प्रदर्शनीच्या दिवशी लाईन गेली तर लेकराचा सगळा धीर जातो. मोटर किंवा दिवा हवाच असेल तर सेलवर चालवा आणि दोन सेल जास्तीचे खिशात ठेवा.

१४. माठाचा प्रयोग करायचा आहे. तापमान घरच्या थर्मामीटरने मोजलं तर?

नाही जमणार. ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच दाखवतो, माठातलं पाणी त्याहून बरंच थंड असतं. शिवाय काच फुटली तर आतला पारा विषारी असतो. जवळच्या हायस्कूलमधून प्रयोगशाळेचा थर्मामीटर दोन दिवसांसाठी मागा, गुरुजींनी सांगितलं तर देतात.

ऋतूचाही विचार करा. माठ थंड होतो तो पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात फरक ठळक दिसतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने तो फार कमी होतो, आणि डिसेंबरातही उन्हाळ्याएवढा मिळत नाही.

१५. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. लेकराने ते चांगलं की वाईट ते तपासलं तर?

अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यासाठी हा फार चांगला विषय आहे, पण दावा जपून करावा. दोन स्टीलच्या ताटल्यांत बोअरचं आणि साठवलेलं पावसाचं पाणी सारखंच घ्या आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. बोअरच्या ताटलीत पांढरा थर उरतो. लेकराने म्हणायचं, “या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त आहेत.” “हे पाणी पिण्याजोगं नाही” असं म्हणायचं नाही, कारण ताटलीवरून ते ठरत नाही.

फ्लोराइड तर असं दिसतच नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत तो प्रश्न आहे, पण फ्लोराइड असलेलं पाणी दिसायला आणि चवीला साधंच असू शकतं. त्याची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्या. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा किट आहे का तेही विचारा.

१६. तक्त्यावर काय लिहायचं?

वर लेकराचा प्रश्न, मोठ्या अक्षरात. खाली काय वापरलं, काय केलं, काय दिसलं आणि असं का झालं असावं. आकड्यांसाठी एक साधा तक्ता किंवा रंगवलेले उभे पट्टे. वाक्यं लेकराची असावीत. “अंकुरणक्षमता” लिहून ते वाचता येत नसेल तर “किती उगवले” लिहा. रोजच्या नोंदींची वही टेबलावर ठेवाच, हळदीचे डाग पडलेली असली तरी तीच ठेवा, नवी उतरवून काढू नका.

१७. परीक्षक काय विचारतात? घरी आम्ही गोंडी बोलतो, पोरगा मराठीत अडखळतो.

बहुतेक हेच विचारतात: हे का करावंसं वाटलं? दोन्हीत सारखं काय ठेवलं? पुन्हा केलं तर काय बदलशील? तिसऱ्या प्रश्नाचा सराव घरी जरूर करा. उत्तर येत नसेल तर “मला माहीत नाही, पण असं करून बघता येईल” म्हणायला शिकवा.

गोंडी, कोलामी, कोरकू किंवा वऱ्हाडी, घरची बोली कोणतीही असो, आधी प्रयोग त्याच बोलीत आजीला समजावून सांगू द्या. मग त्यातले सात-आठ शब्द मराठीत पक्के करा. पाठ केलेलं भाषण देऊ नका, मध्येच कोणी प्रश्न विचारला की ते तुटतं. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे अडलं तर ते शेजारी उभे राहतील.

१८. हळदीने लिंबातून रक्त काढायचा चमत्कार दाखवायचा आहे. चालेल?

चालेल, पण चमत्कार म्हणून नाही. आणि त्यासाठी हळद नाही, जास्वंद लागते. सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस लावून वाळवला आणि लिंबू कापलं की आंबट रसाने तो लालसर होतो. हळद याच्या उलट, साबण किंवा सोड्याच्या पाण्याने लाल होते आणि लिंबाने पुन्हा पिवळी. सुरी मोठ्याने धरायची. लेकरासाठी हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या जास्त बऱ्या: साबण, ताक, राखेचं पाणी, चिंच, एकेक थेंब टाकून रंग बघता येतो. चुना मात्र डोळ्यात गेला तर इजा करतो, तो देऊ नका.

१९. शेजारच्या पोरानेही सोयाबीनच घेतलं. आता विषय बदलू का?

गरज नाही. प्रश्न वेगळा करा. एकाने थ्रेशर आणि हात घ्यावं, दुसऱ्याने यंदाचं आणि मागच्या वर्षीचं बियाणं. दोघांची टेबलं शेजारी लागली तर बघणाऱ्यांना दुप्पट कळेल. दोघांनी मिळून एकच प्रयोग करायचा असेल तर शाळेचा नियम आधी विचारा.

२०. यातून तालुक्याला निवड होते का? मोठी बहीण सातवीत आहे, तिने भावाचा प्रयोग पुढे नेला तर?

तालुका आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनीत प्राथमिक गट सहावी ते आठवीचा असतो, त्यामुळे लहानग्यांचा प्रवास बहुतेक शाळेत किंवा केंद्रावरच संपतो. हे त्याला आधीच सांगा, म्हणजे उगाच हिरमोड होत नाही.

बहिणीने प्रयोग पुढे न्यायला हरकत नाही, पण भावाचेच आकडे आपल्या नावाने लावायचे नाहीत. तिच्या वयाला साजेसा पुढचा प्रश्न हवा: थ्रेशरचा वेग कमी ठेवला तर उगवण किती वाढते, किंवा साठवणुकीत दर महिन्याला किती घटते. भावाच्या नोंदींपासून सुरुवात केली असेल तर तक्त्यावर तसं लिहावं. तिच्या डोक्यात एखादं नवं उपकरण असेल तर मुख्याध्यापकांना इन्स्पायर अवॉर्ड मानकबद्दल, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल, विचारा. नोंदणी शाळेमार्फत ऑनलाइन होते, सहावीपासूनची मुलं त्यात बसतात, आणि कल्पना निवडली गेली तर १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. म्हणून तिचं खातं आधीच उघडून ठेवा, आणि खात्यावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षर-अक्षर जुळतं का ते बघा.